कूलरसमोरचं कपाट

मार्च लागला की आमच्या वाचनालयात कूलर बाहेर निघतो. जिन्याखालच्या अंधारातून त्याला ओढत आणतात, त्याच्या पत्र्याचा फरशीवर असा कर्कश आवाज होतो की वाचन कक्षातल्या सगळ्या माना एकदम वर होतात आणि एकदम खाली जातात. मग जुनं कुजकं गवत काढून नवा वाळा भरतात, पाणी सोडतात, आणि त्या दिवशी दुपारभर ओल्या वाळ्याचा वास जिन्यापर्यंत येत राहतो. लोकांना या वासानं गार वाटतं म्हणे. माझी कानशिलं तापतात. मला गेल्या वर्षीचं भांडण आठवतं.

यंदाही कूलर निघालाय. तोच, एका बाजूनं गंजलेला. त्याच खिडकीत बसलाय. त्याच्यासमोर आता एक खुर्ची आहे. गेल्या वर्षी तिथं लाकडी कपाट होतं, काचेच्या दाराचं, आणि त्यात विज्ञानकथा होत्या.

सुरुवातीलाच सांगून टाकते: या लेखात मी एकाही पुस्तकाचं नाव देणार नाही. लेखकाचं तर नाहीच. वाचक चिडतील, चिडू देत. का देणार नाही ते पुढं आपोआप कळेल.

आमचं वाचनालय शहागंजच्या मागच्या गल्लीत आहे. खाली घड्याळ दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. उन्हाळ्यात भर दुपारी शहागंजचा बाजारसुद्धा अर्धी शटरं ओढून घेतो. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज तेवढा चालू असतो, आणि डांबरातून वर येणारी वाफ. पण आमचा जिना भरलेला असतो. चपलांनी. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठण, सगळ्या तालुक्यांच्या चपला. हा परीक्षांचा मोसम. तलाठी, पोलीस भरती, बँक, वनरक्षक. मेसचा डबा, पाण्याची बाटली, बाटलीला गुंडाळलेला ओला रुमाल, आणि विटेएवढं गाईड. मुलं सकाळी जागा धरतात आणि दिवे मालवेपर्यंत उठत नाहीत. जागा हाच तिथला धर्म. पंख्याखालची जागा, भिंतीजवळची जागा, आणि सगळ्यात वरची, कूलरसमोरची.

आणि कूलरसमोर कपाट.

मी तेव्हा पत्रकं लिहायचे, अजूनही लिहिते. नळाला पाणी का नाही, टँकर त्याच गल्लीत का वळतो, हर्सूलच्या तळ्यात कचरा कोण टाकतं, असली. पत्रक लिहिणाऱ्याला एक सवय लागते: जे कापता येईल ते कापायचं. रस्त्यावरच्या माणसाकडं वेळ नसतो. ठळक अक्षर, उद्गारचिन्ह, खाली मागणी. या सवयीनं मला बऱ्याच लढाया जिंकून दिल्या. गेल्या मार्चमध्ये तिनं काय केलं तेच सांगायला बसलेय.

त्या कपाटाशी माझी ओळख बारावीच्या सुट्टीतली. कुणी सांगणारं नव्हतं, म्हणून मी मुखपृष्ठं बघून पुस्तकं उचलली. पहिल्या पुस्तकात एक शास्त्रज्ञ बाप आपल्या मुलीला पानंच्या पानं अणुऊर्जा समजावून सांगतो आणि ती बिचारी मधूनमधून "अय्या, खरंच बाबा?" एवढंच म्हणते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्यात परग्रहावरून आलेले लोक होते आणि तेही व्याख्यानच देत होते. मी विज्ञानकथेवर फुली मारणार होते. तेवढ्यात आमच्या गल्लीत टँकर आला नाही, आम्ही हंडे मांडून बसलो, आणि हातात नाइलाजानं तिसरं पुस्तक होतं. चंद्राच्या पोटात वस्ती करून राहणाऱ्या माणसांची कादंबरी. तिथं हवेसाठी पाळ्या लागतात. एक बाई रांगेत उभी आहे, तिच्या पुढचा माणूस दोन श्वास जास्त घेतो, आणि मागून भांडण पेटतं. मी मान वर केली तर आमच्या रांगेतही तेच चाललं होतं, फक्त हंड्यावरून. माझ्या हातावर काटा आला. भर उन्हात.

तेव्हापासून एक राग मनात आहे: हे पुस्तक मला आधी का नाही कुणी दिलं? दोन भिकार पुस्तकांच्या मागं हे उभं होतं आणि मी परत जाणार होते. किती जण खरंच परत गेले असतील!

म्हणून याद्या. याद्यांवर माझा विश्वास त्या रांगेत बसला. फोनवर शोधा, ढिगानं मिळतात. सर्वोत्तम शंभर, मरण्याआधी वाचायची पन्नास. मी त्या सगळ्या चाळल्यात आणि त्यांच्यावर माझं बरंच म्हणणं आहे. निम्म्या याद्या एकमेकींच्या नकला असतात. एकीनं पहिला नंबर दिला की बाकीच्या माना डोलावतात. ज्यांनी यादी केली त्यांनी पुस्तक उघडलंय की नुसतं ऐकलंय, हे वाक्यावरून ओळखता येतं. "अप्रतिम", "अवश्य वाचा" असं लिहिणाऱ्यानं वाचलेलं नसतं. "शेवट फसलाय, पण मधली बोटीवरची रात्र विसरता येत नाही" असं लिहिणाऱ्यानं वाचलेलं असतं. त्या माणसाला धरायचं. त्याच्या आवडीतलं एक वाचायचं, नावडतीतलं एक वाचायचं, आणि त्याच्याशी आपलं कुठं जमत नाही ते बघायचं. ज्याच्याशी आपलं भांडण नीट जुळतं त्याची यादी आयुष्यभर पुरते. आणि दहा याद्यांत असलेल्या पुस्तकाची काळजी करू नका, ते तुमच्यापर्यंत येईलच. एकाच यादीत, तळाशी, जरा ओशाळल्यासारखं उभं असलेलं जे पुस्तक असतं, ते शोधा.

पण हे सगळं शोधून काय करायचं? त्या याद्यांतली पुस्तकं इंग्रजीत, इंग्रजीतली पुण्या-मुंबईत, आणि आपल्या हातात काय, तर "सध्या उपलब्ध नाही" ही ओळ. आमच्या कपाटातली पुस्तकं जगातल्या एकाही यादीत नव्हती. मराठीत लिहिलेली, मराठीत आणलेली, मासिकांच्या दिवाळी अंकांतून गोळा करून बांधलेली. त्यांची यादी कोण करणार?

मग फलकावर सूचना लागली. मुदत एप्रिलअखेरची. ज्या पुस्तकांना वाचक नाही ती कपाटातून काढून रद्दीत देण्यात येतील, आणि रिकाम्या जागेचा उपयोग अभ्यासिकेसाठी करण्यात येईल. खाली सचिवांची सही.

सचिव म्हणजे जोशी सर. बँकेतून निवृत्त झालेले. मला बघितलं की चष्मा काढून ठेवतात.

"या पुढारीणबाई. आज कुणाविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध, सर."

"बसा मग. पाणी घ्या. कपाटाबद्दल ना? सुनंदाबाई, यांना सांगा बरं, त्या कपाटातलं शेवटचं पुस्तक घरी कधी गेलं."

सुनंदाताई आमच्या ग्रंथपाल. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "हिनंच नेलं होतं. आधीचंबी हिनंच."

जोशी सर हसले. "म्हणजे तुमच्या एकटीचं कपाट आहे ते. आणि ही पन्नास पोरं घामानं भिजतायत. काय सांगू त्यांना? थांबा, बाईंचं परग्रहावर जायचं राहिलंय?"

मी ताडकन उठून वाचन कक्षात आले. माझ्या बाजूनं कुणीतरी बोलेल असं वाटलं होतं. प्रल्हाद बोलला. कन्नडकडचा, घरी अद्रकाचं वावर, भरतीचं चौथं वरीस. कपाटाच्या शेजारीच बसायचा, म्हणजे हवा त्याच्या खांद्याला चाटून कपाटात जायची.

"ताई, एक इचारू का? राग नका येऊ देऊ."

"विचार."

"ह्या कपाटाला लई गरम होतं का?"

सगळा कक्ष फुटला. तिथं खोकायलाही लोक बाहेर जातात, आणि त्या दिवशी पार शेवटच्या रांगेपर्यंत हसू गेलं.

"त्या कपाटात जे आहे ना, ते तुझ्या गाईडात नाही," मी म्हटलं.

"व्हय ना. म्हणून तर त्याच्यावर प्रश्न येत नाय."

खरं सांगायचं तर तो चुकत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. खुर्चीसाठी कपाट आणि कपाटासाठी खुर्ची, असं दोघांना भिडवून देणारी व्यवस्था कुणाची? एवढ्या मोठ्या शहरात घाम पुसायला एक कूलर, त्यासमोर एक जागा, आणि त्या जागेसाठी आम्ही एकमेकांच्या नरड्याला. पण हे पत्रकात छान दिसतं. समोर प्रल्हादचा शर्ट पाठीला चिकटलेला असताना ते बोलवत नव्हतं.

जिन्यात सुनंदाताईंनी मला थांबवलं. "सह्यांची मोहीम काढू नको. सह्यांनी पुस्तक वाचत नसतं. पुस्तकं घरी गेली पायजेत. नियम त्यांनीच केलाय ना, वाचक असंल तर पुस्तक राहील? मग वाचक आण."

"कुठून आणू?"

"बाहेर चपला कुणाच्या हायत?"

अभ्यासिकेच्या प्रत्येक मुलाकडं वाचनालयाचं कार्ड होतं. एका कार्डावर एक पुस्तक. सगळी कार्डं कोरी.

त्या मोसमात मी कपाटासमोर उकिडवं बसून वाचलं. एवढं सलग मी कधीच वाचलं नव्हतं. दुपारी वीज गेली की कूलर शेवटचा उसासा टाकून थांबायचा आणि त्या शांततेत सगळ्यांच्या पानांचा आवाज ऐकू यायचा. घामाचा थेंब पानावर पडला तर कागद फुगायचा. मी वाचत होते ते काय होतं! एका गावात सूर्य मावळायचाच थांबतो, आणि मजुरांची सुट्टी होत नाही, कारण ठरलंय की दिवस मावळला की सुट्टी. एका तहसील कचेरीत खोटं न बोलता येणारा यंत्रमानव कारकून म्हणून येतो आणि आठवड्यात सगळी कचेरी त्याच्यापुढं हात जोडते. हे असलं शेजारी ठेवून पोरं पंचायत राजची कलमं पाठ करत होती. काही पुस्तकं वाईटही होती, अणुऊर्जावाला बाप तर होताच. एक जाडजूड होतं, पुठ्ठा सुटलेलं, एका अंतराळ जहाजाचं. पन्नासेक पानं झाली तरी काही घडेना, कुणी पाइप दुरुस्त करतंय, कुणी भाजीच्या वाफ्याला पाणी घालतंय. मी ते मिटून ठेवलं. वेळ कुठं होता?

बारा पुस्तकं निवडली. प्रत्येकापुढं दोन ओळी लिहिल्या: कुणी वाचावं, कुठं थांबू नये, काय आवडलं नाही. मग ते सगळं एका कागदावर मावेना. आणि माझ्यातली पत्रकवाली जागी झाली. कापा. ओळी उडवल्या. उरलं काय तर क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव. वर ठळक अक्षरात: वाचकहो, भविष्य तुमच्या दारात उभं आहे!

सुनंदाताईंनी वाचलं. "दारात टँकरवाला उभाय. त्यालाबी दे एक."

माठाच्या वर यादी लावली. पाणी प्यायला प्रत्येकाला तिथं यावंच लागतं. आणि काय सांगू, त्या दिवशी पोरं तिथं थांबायला लागली. फोन काढून फोटो घेतले. दोघांनी वहीत उतरवून घेतली. संध्याकाळपर्यंत यादी त्यांच्या ग्रुपवर फिरत होती, कुणीतरी माठाचाही फोटो टाकला. मी घरी जाताना शहागंजातून जवळजवळ पळत गेले. जिंकले, असं वाटलं. जिंकल्याची चव मला माहीत आहे, ती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी कपाटाचं दार उघडलं नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही. यादीपुढं गर्दी, कपाटापुढं कुणी नाही. मला काही कळेना. मग एका दुपारी जिन्यावर प्रल्हाद आणि त्याचा मित्र डबा खात बसले होते. मित्र विचारत होता, प्रल्हाद उत्तर देत होता.

"नंबर चार?"

प्रल्हादनं भाकरीचा घास चावतच पुस्तकाचं नाव सांगितलं.

"लेखक?"

लेखकही सांगितला.

"नंबर नऊ?"

"नऊ... थांब, सांगू नको. 'म'वरून हाय."

मी पायरीवरच बसले. पोरांनी माझी यादी पाठ केली होती. पुस्तक आणि लेखक, जोड्या लावा. क्रमांकानुसार. माझ्या चंद्रावरच्या बाईची, न मावळणाऱ्या सूर्याची, सगळ्यांची जोडी लागली होती आणि एकाचंही पान उलटलेलं नव्हतं.

"हे काय चाललंय?" मी ओरडले.

"सामान्य ज्ञान," प्रल्हाद म्हणाला. त्याला वाटलं मी खूश होईन. "बाराच्या बारा येतात ताई. इचारा."

मी त्यांच्यावर चिडले, शिकवणाऱ्यांवर चिडले, ज्यांनी चार पर्याय देऊन जगाचं ज्ञान गोल काळे करण्यावर आणलं त्यांच्यावर तर इतकी चिडले की त्याच रात्री दोन पत्रकांचा मजकूर तयार झाला. पण कपाट तिथंच, दार बंद. एप्रिल उतरत होता.

परीक्षा झाली. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी प्रल्हाद जिना चढून आला तो थेट माझ्यासमोर. डोळे लाल.

"ताई, तुमच्या यादीतला एकबी प्रश्न आला नाय."

मला हसावं की रडावं कळेना. "अरे, ती परीक्षेसाठी नव्हती."

"मग भिंतीवर कशाला लावली? इथं भिंतीवर जे लागतं ते परीक्षेचंच असतं."



महिनाअखेर आली. रद्दीवाल्याची हातगाडी खाली उभी, सुतळीचा गुंडा टेबलावर, कपाटाची दारं सताड. जोशी सरांच्या हातात एक कागद होता. लांबूनच ओळखला. माझा होता.

"पुढारीणबाई, तुमचं ऐकलं बरं का. ही तुमची बारा पुस्तकं राहतील. माठाशेजारी एक फळी देतो. बाकीची जातील."

"बाकीची का?"

"तुमच्या यादीत नाहीत."

"म्हणून?"

"अहो, तुम्हीच सगळं कपाट वाचून निवड केलीत ना? आम्हाला यातलं काय कळतं? जे घ्यायचं ते तुम्ही घेतलंत. उरलं ते उरलं."

त्या माणसाच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. असता तर मी तुटून पडले असते. तो मनापासून समजत होता की त्यानं माझ्यावर उपकार केलेत. निवडलेल्या पुस्तकांची यादी म्हणजे न निवडलेल्यांवर काट, हे इतकं साधं गणित बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला लगेच दिसलं आणि मला माझ्या ठळक अक्षरांत दिसलं नव्हतं.

गठ्ठे बांधायला अभ्यासिकेची पोरं लावली होती. खुर्ची त्यांनाच मिळणार होती, मग काम कोण करणार? प्रल्हाद सुतळी आवळत होता. आवळता आवळता एक गठ्ठा फसकला आणि वरचं पुस्तक फरशीवर उघडं पडलं. तेच, पुठ्ठा सुटलेलं. त्यानं उचललं, धूळ झटकली, आणि उघडलेलं पान होतं तिथूनच वाचायला लागला. उभ्यानं. सुतळीचं टोक दातात.

"अरे ए, आवर," जोशी सर म्हणाले.

त्यानं सुतळी काढली. "ताई, ह्या जहाजातले लोक पोचत नायत का?"

"नाही. निघालेले वाटेतच मरतात. पोचणारे अजून जन्मायचेत."

"अन् हे मधले?"

"मधले मधेच. त्यांनी जहाज चालू ठेवायचं."

त्यानं पान उलटलं. "हे तुमच्या यादीत का नाय?"

"कंटाळवाणं आहे. काही घडत नाही."

"पुरतं वाचलं तुम्ही?"

सगळे ऐकत होते. "नाही," मी म्हटलं.

प्रल्हाद सुनंदाताईंच्या टेबलापाशी गेला. खिशातून कार्ड काढलं. "माझ्या नावावर टाका."

"ते गेलं रद्दीत," जोशी सर म्हणाले.

"गेलं नाय सर. माझ्या हातात हाय. अन् वाचक असलेलं पुस्तक जात नाय, तुमचीच सूचना हाय फलकावर."

सुनंदाताईंनी शिक्का मारला. इतक्या जोरात की शाईची डबी उडाली.

मग मात्र मी ओरडले. कार्डं काढा, एकेक पुस्तक घ्या, जे हाताला येईल ते! मोर्चात ओरडते तसं ओरडले. कुणी हललं नाही. पन्नास माना गाईडात. हातगाडीवाल्या चाचांनी खालून हाक मारली, "बेटा, कितना टाइम?" प्रल्हाद पोरांकडं वळला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "उठा ना रं. खुर्ची तर भेटलीच हाय. एखादं नेलं तर काय हात झडतेत का?"

सहा-सात जण उठले. एकदोघांनी गठ्ठ्यातलं वरचं घेतलं, एकानं सगळ्यात पातळ शोधून घेतलं, एकीनं मधलं पान वाचून परत ठेवलं आणि दुसरं उचललं. तेवढेच. बाकीच्यांनी पान उलटलं, गाईडाचं.

बाकी पुस्तकं गाडीवरून गेली. मी मागोमाग शहागंजपर्यंत गेले. का गेले ते मला सांगता येत नाही. चाचांच्या दुकानात गेल्या वर्षीच्या चालू घडामोडींचा ढीग होता, त्याच्या शेजारी त्यांनी आमचे गठ्ठे टाकले. हजार वर्षांनंतरच्या कथा आणि बारा महिन्यांपूर्वीच्या घडामोडी, दोन्ही शिळं. मी त्यांना तसं म्हटलं. ते पंखा माझ्याकडं वळवत म्हणाले, "काटे पे सब एक है बेटा. धूप में मत खडे रहो."

प्रल्हादची भरती झाली नाही. तो वाळूजला एका कंपनीत लागला, पाळ्यांमध्ये. वाचनालयात येतो तो सुट्टीच्या दिवशी, अंगाला मशीनच्या तेलाचा वास घेऊन.

आणि यंदा, कूलर निघाला त्याच दिवशी, माठाच्या वर एक नवी यादी लागली. वेगळं अक्षर, जाड पेनाचं. क्रमांक नाहीत. लेखकांची नावं नाहीत. आधी कारण आणि मग पुस्तक. "रांगेत उभं राहायचं असंल तर हे." "साहेबाचा राग आला असंल तर हे, पण शेवट फुसका हाय." "ह्यात बाप लई बोलतो, ती पानं सोडून द्या, पुढं पोरगी शहाणी निघते." अणुऊर्जावाला बाप! म्हणजे त्या दिवशी गठ्ठ्यातून कुणीतरी तोही उचलला होता. त्यातली पोरगी पुढं शहाणी निघते? मी बारावीत ते पुस्तक फेकलं होतं. आणि सगळ्यात वर: "बरीच वर्सं तयारी करत असाल तर हे. सुरवातीला कंटाळा येईल. येऊ द्या. त्यांनाबी येतो."

कागदाचा खालचा अर्धा भाग कोरा सोडला होता, वर एक ओळ: यादीत नसलेलं वाचलं तर इथं लिहा. तिथं चार-पाच हातांनी लिहिलेलं दिसत होतं. शाई वेगवेगळी, एक तर मराठीतून हिंदीत शिरलेलं. एकानं वरच्या एका शिफारशीवर बाण काढून "खोटं" असं लिहिलं होतं.

जोशी सर चष्मा काढून यादीपुढं उभे होते. यंदाही वाचक नसलेल्या पुस्तकांचा आढावा आहे, माठाशेजारच्या फळीची जागाही त्यांना हवीय, दुसऱ्या कूलरसाठी. मुलांची मागणी आहे म्हणतात, आणि ती खरीच असणार.

"हे कुठं संपतं?" त्यांनी मला विचारलं.

"काय सर?"

"ही यादी. शेवटचं पुस्तक कुठलं? म्हणजे त्यानंतरची काढता येतील."

मी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी बराच वेळ त्या जागेकडं बघितलं आणि चष्मा घातला. "बघू," म्हणाले. फळी वाचली असं मी म्हणणार नाही. सभा व्हायचीय.

प्रल्हाद पाठीमागं येऊन उभा होता. "तुमचं चंद्रावरचं मी पार खाली टाकलंय. राग आला का?"

"आला. ती हवेची रांग तुला कळलीच नाही."

"कळली. पण ती बाई शेवटी उगीच रडती. आमच्याकडच्या बाया अशा रडत नायत, हंडा डोक्यात घालतात."

"आणि हे वर कशाला? हे माझ्या यादीत नव्हतं."

"म्हणून तर वर लावलंय."

मी फळीवरून ते काढलं. त्यानं पुठ्ठा डिंकानं चिकटवून आणलाय. मागच्या कागदावर त्याच्या तारखांचे शिक्के एकाखाली एक, परत परत नेल्याचे. सुनंदाताईंनी त्याखाली माझा मारला.

कूलरसमोरची खुर्ची रिकामी होती, कुणीतरी डबा खायला गेलं असणार. मी बसले. हवा सरळ तोंडावर आली, वाळ्याच्या वासासकट. कुणी पाइप दुरुस्त करत होतं. कुणी भाजीच्या वाफ्याला पाणी घालत होतं. कंटाळा यायला लागला. पाठीमागं कुणीतरी येऊन उभं राहिलं, जागेचा मालक असणार, आणि घसा खाकरला.

"दोन मिनिटं," मी म्हटलं आणि पान उलटलं.